सोनाराने टोचलेले कान

वासू, तुझ्या कॉलनीच्या चौकात तुझा दहा फुटी फ्लेक्स लागला आहे. वर ठसठशीत 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये नौदलाच्या पांढऱ्या गणवेशातला वीस वर्षांचा तू, कान सशासारखे. आणि उजव्या कोपऱ्यात आज सकाळपर्यंत एक पाणबुडी फुटत होती. समुद्राच्या पोटात, चांगल्या खोल पाण्यात, नारंगी जाळ. पाण्यात जाळ! तू असतास तर चष्मा काढून पुसला असतास, परत डोळ्यावर चढवला असतास आणि विचारलं असतंस, "हे कोन्या गाढवानं छापलं बे?"

छापलं फ्लेक्सवाल्याने. पण ती पाणबुडी तिथे आणली मी.

तू पंधरा वर्षं नौदलात होतास, पण युद्ध तुझ्या वाट्याला आलं नाही आणि तू कधीही, कोणाचीही पाणबुडी बुडवली नाहीस. हे तुला ठाऊक, मला ठाऊक, वहिनींना ठाऊक. बाकी अकोल्याला भलतंच ठाऊक आहे, कारण ते मी माइकवरून सांगितलं होतं. तू म्हणालास, परत घे. मी घेतलं नाही. आणि आज तुला जाऊन चौदा दिवस झाले. भांडणातला एक पक्ष हजरच नाही, म्हणजे निकाल माझ्या बाजूने लागायला पाहिजे. तसं काही वाटून नाही राहिलं.

आपल्या दोघांची वाटणी बार्शीटाकळीच्या शाळेतच झाली होती. तू कानाचा माणूस, मी तोंडाचा. मास्तर फळ्याकडे वळले की दूर रस्त्यावर बसची घरघर यायची आणि तू डोळे मिटून सांगायचास, "अकोल्याची. एक टायर गुळगुळीत हाये." बस आली की टायर पाहायला मी पळायचो. जो टायर सापडेल तो गुळगुळीत होता असं येऊन सांगायचो. तुझी कीर्ती वाढवायचं काम मी तेव्हापासून घेतलं, आणि ते तुला तेव्हापासून आवडत नव्हतं.

मग तू नौदलात गेलास. ज्या गावच्या नदीत उन्हाळ्यात म्हशीचे गुडघे बुडत नाहीत, त्या गावचा पोरगा समुद्रात! जहाजाच्या पोटातल्या अंधाऱ्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं, पाण्यात आवाज सोडायचा, तो कशाला तरी आपटून परत येतो तो ऐकायचा, आणि खाली पाणबुडी आहे की मासे, ते सांगायचं. त्या यंत्राला सोनार म्हणतात, असं तू पत्रात कळवलंस. मी गावभर सांगितलं, वासू नेवीत सोनार आहे. यात माझं काय चुकलं? शब्द तुझाच होता. तुझ्या आईकडे दोन बायका मोडीचं सोनं घेऊन आल्या, डोरलं घडवून पाहिजे म्हणून.

वहिनींना पाहायला गेलो तेव्हा तर कहर झाला. त्यांच्या वडिलांनी पोह्यांची ताटली तुझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "घडनावळ काय घेता?"

तू इमानदारीने सांगितलंस, "मी सोनं नाई घडवत. मी पान्यातला आवाज ऐकतो."

म्हातारा विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे पानाड्या! मंग आमच्या वावरात हीर कुठं खनाची, तेवढं सांगूनच जा."

लग्न त्या विहिरीवर ठरलं. तू जागा दाखवली नव्हतीस, "मले नाई कळत ते" असं तीनदा म्हणाला होतास. हात मी दाखवला होता. पाणी लागलं, हे मात्र तुला मान्य करावंच लागेल.

मी अमरावतीत फुलांच्या धंद्यात शिरलो. झेंडू, शेवंती, निशिगंध. तू मला गेंदा म्हणायला लागलास, मग जग म्हणायला लागलं. माझ्या पोराच्या लग्नपत्रिकेवरही कंसात 'गेंदाभाऊ' छापलं गेलं. हार विकणाऱ्याला एक फायदा असतो. सत्कार असो की शोकसभा, त्याला दोन्हीकडे बोलावणं असतं, आणि हार पोचवायला गेलेल्या माणसाला कोणी ना कोणी म्हणतंच, दोन शब्द बोला. मी दोन शब्दांवर कधी थांबलो नाही.

नौदलातून तू अकोल्याला आलास, बँकेत चिकटलास, तिथूनही निवृत्त झालास. मग तुझ्या मुलीने पुण्याहून कॉम्प्युटर पाठवला, त्यात तो युद्धाचा खेळ घालून. बाबा रिकामे बसतील म्हणून. जुन्या महायुद्धातला समुद्र, वर आपलं जहाज, खाली त्यांची पाणबुडी. आवाज सोडून तिला हुडकायचं आणि स्फोटकांची पिंपं पाण्यात सोडायची, डेप्थ चार्ज. ठरलेल्या खोलीला पोचलं की पिंप फुटतं. मी पहिल्या दिवशी खेळलो आणि अर्ध्या तासात अकरा पाणबुड्या बुडवल्या. खुर्चीत मागे रेलून म्हटलं, "वासू, पंधरा वर्सं तू काय करून राहिला होता बे तिथं?"

तू खांद्यावरचा दुपट्टा काढलास आणि माझ्या डोळ्यांदेखत कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाकलास.

"आता बुडव."

"दिसून नाई राहिलं ना!"

"दिसतच नसते," तू म्हणालास. "खेळात हे सगळ्यात मोठं खोटं हाये. बार-जाळाचं सोड. हे लाल टिकली खोटी हाये, जे तुले शेवटपर्यंत दाखवते की पानबुडी इथं हाये."

मग तू मला समजावलंस. आवाजाचा झोत जहाजापासून पुढे, तिरपा जातो. पाणबुडी दूर असेपर्यंत तो तिला लागतो. जहाज अगदी जवळ आलं की ती झोताच्या खाली जाते, आणि हेडफोनमध्ये काहीच येत नाही. जेव्हा पिंपं सोडायची वेळ येते, नेमका तेव्हाच माणूस बहिरा होतो. शेवटचा टप्पा अंदाजाने काढायचा. पिंप काही दगडासारखं खाली जात नाही, डुलत डुलत जातं. तेवढ्यात खालच्या कप्तानाने सुकाणू फिरवलं की तुमचे सगळे अंदाज पाण्यात.

त्या दिवसापासून आपल्या खेळाचा कायदा ठरला. जहाज जवळ गेलं की दुपट्टा पडद्यावर. तू "एक, दोन, तीन" मोजायचास आणि मी घामाघूम होऊन बटण दाबायचो. पिंपं फुटली तरी दुपट्टा निघत नसे, कारण स्फोटाने पाणी इतकं ढवळतं की नंतर चांगला वेळ नुसता खळखळाट ऐकू येतो, आणि त्या खळखळाटात पाणबुडी मेली की पळाली, हे कोणालाही सांगता येत नाही. तेवढा वेळ गुमान बसायचं. पंधरा मिनिटं, तुझ्या घड्याळाने.

"पानी निवळू दे," तू म्हणायचास, आणि आतून वहिनी चहा आणायच्या. त्यांनाही वेळ पाठ झाली होती. बार ऐकला की त्या आधण ठेवायच्या.

मी रविवारचा बाजार आटोपून अमरावतीहून दोन तास गाडी हाकत यायचो, आणि दिवसभरात आपली मिळून एक पाणबुडी व्हायची. तीही बहुतेक वेळा पळालेली. यावरचं आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, खेळात मजा पाहिजे. नुसतं गप्प बसून चहाच प्यायचा तर पाणबुडी कशाला, व्याह्याकडे जाऊन बसतो ना. तू म्हणायचास, "खेळ खोटा असू दे गेंद्या, मले चालते. पन बहिरेपन खरं पायजे."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. अजून पुरतं पटलेलं नाही. पण आता वाद घालायला समोर कोण आहे?

तुझ्या तक्रारी तरी किती! खेळातला आवाज देवळातल्या घंटेसारखा, एकसारखा ऐकू येतो, खऱ्या समुद्रात तो वाकतो. का वाकतो, ते तू मला तुझ्या गच्चीवरच्या टाकीत हात घालायला लावून शिकवलंस. मे महिना, अकोल्याचं ऊन. वरच्या पाण्यात मी अंडं उकडून खाल्लं आणि तळाशी बोटं गारठली. समुद्रातही असेच थर असतात, ऊन पाण्याचा आणि गार पाण्याचा, आणि त्या शिवेवर आवाज वाकून भलतीकडे जातो. शहाणा कप्तान शिवेखाली जाऊन निवांत बसतो. खेळात ते सगळं अर्धंमुर्धं होतं. उथळ पाण्यात बारीक झिंगे असा कडकडाट करतात, जसं कढईत ज्वारीच्या लाह्या फुटून राहिल्या. खेळात लाह्या नव्हत्या. तू मुलीला फोन करून विचारलंस, "हे लोकं झिंगे काहून नाई टाकत?"

आणि तुझे ते चार शब्द. सोनारच्या खोलीत जे ऐकू येईल त्याला प्रतवारी द्यायची असते, हे तू एकदा सांगितलंस आणि माझ्या आयुष्याची वाट लावलीस. नॉन-सब, म्हणजे काहीतरी आहे पण पाणबुडी नाही. पॉसिबल, असू शकेल. प्रॉबेबल, असावी. आणि सर्टन, आहेच. त्या दिवसापासून मी काहीही सांगितलं की तू मान तिरपी करून ऐकायचास आणि प्रत द्यायचास. सेमाडोहच्या रस्त्यावर वाघाने माझ्या गाडीला आडवं येऊन शेवंतीचा वास घेतला, हे मी इतक्या रंगात सांगितलं की चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. तू म्हणालास, "नॉन-सब. बैल होता."

बैलच होता. तुला कसं कळलं?

चिखलदऱ्याला पंचबोलच्या टोकावर उभं राहून मी दरीत माझंच नाव पुकारलं. गेंदाऽ! दरीने ते चार-पाच वेळा परत केलं. मी खूश. तू कानावर हात धरून ऐकलंस आणि म्हणालास, "पाह्य, हे सोनार हाये. मानूस एक, आवाज पाच. तुह्यासारखं."

सर्टन तू मला अख्ख्या जन्मात एकदाच दिलंस. माझी बायको निर्मला नागपूरच्या दवाखान्यात होती. मी फोनवर तुला सांगत होतो की दवाखाना म्हणजे राजवाडा आहे, नर्सबाई मला जावयासारखं जेवायला वाढतात, दोन दिवसांत घरी येतो. तू मध्येच म्हणालास, "गेंद्या, तुहा पंखा बरोबर वाजून नाई राहिला."

पाणबुडीच्या पंख्याचा आवाज. तो ऐकून तुम्ही लोक ओळखता की खाली काय बिघडलं आहे.

पहिल्या गाडीने तू आलास. वऱ्हांड्यातल्या बाकावर माझ्याशेजारी बसलास आणि काही विचारलं नाहीस. मीच तासाभराने म्हटलं, "मले भ्याव वाटून राहिलं बे."

तू म्हणालास, "सर्टन."

एवढंच. आठ दिवस तू त्या बाकावर होतास. निर्मला नीट घरी आली. मी त्या आठ दिवसांच्या बाराशे गोष्टी लोकांना सांगितल्या, ही एक कोणाला सांगितली नाही. कारण यात वाढवायला जागाच नव्हती.

आता तो सत्काराचा दिवस. पंधरा ऑगस्ट, झेंडावंदन झाल्यावर तुझ्या कॉलनीने माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. हार माझे. तुमच्या कॉलनीचे अध्यक्ष, ते निवृत्त वकीलसाहेब, त्यांनी मला म्हटलं, दोन शब्द बोला. मी तुझ्याकडे पाहिलं. तू खुर्चीत गळ्यात निशिगंधाचा हार घालून असा बसला होतास, जसा चुकून दुसऱ्याचं टोकन घेऊन आलेला माणूस. शेजारच्या सुभेदारसाहेबांच्या छातीवर पदकं होती. तुझ्या छातीवर चष्म्याची दोरी. मला ते सहन झालं नाही वासू. खरं सांगतो, थापा मारायची हौस म्हणून नाही. मला वाटलं, माझ्या दोस्ताच्या पारड्यात काहीतरी टाकावं.

आणि मी पाणबुडी टाकली. रात्र कशी काळी होती, समुद्र कसा खवळला होता, तू डोळे मिटून कसं म्हणालास, "साहेब, खाली आहे", तीन पिंपं, एक बार, पाण्यावर तेलाचा तवंग. टाळ्या! अख्खं अकोला शिट्या वाजवत होतं. वकीलसाहेबांचे डोळे भरून आले.

तू उठलास. हार काढलास, त्याची नीट घडी केलीस, खुर्चीवर ठेवलास आणि माझ्याजवळून जाताना हळूच एकच शब्द टाकलास. नॉन-सब.

घरी आल्यावर तू म्हणालास, "वापस घे."

"अबे, नुकसान कोनाचं झालं?"

"माह्यं."

"तुहा तर मान वाढला!"

तेव्हा तू मला ती गोष्ट सांगितलीस, जी तोवर कधी सांगितली नव्हतीस. कुठल्याशा सरावात सगळ्या जहाजाला खात्री होती की खाली पाणबुडी आहे. साहेबांना पाहिजे होती, बाजूच्या जहाजाला पाहिजे होती. तू एकटा चार तास हेडफोन लावून सांगत राहिलास, नॉन-सब, साहेब. शिव्या खाल्ल्यास. शेवटी निघालं बुडालेलं जुनं गलबत. तुला कोणी शाबास म्हटलं नाही. म्हणणार कसं? जे नव्हतं ते नाही म्हणून सांगितलं, यासाठी कोणी हार घालत नाही. मी चाळीस वर्षं हार विकले, मला विचार.

"मी पंधरा वर्सं एकच काम केलं गेंद्या," तू म्हणालास. "जे ऐकू नाई आलं, ते ऐकू आलं असं म्हनलं नाई. तेवढंच माह्यं हाये. ते तू आज खाऊन टाकलं."

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या कार्यक्रमात सांगून टाकतो म्हणालो. तू म्हणालास, "सांगशील तवा ये. खेळ मांडू." मग गणपती गेले, दसरा गेला, पुढचा सव्वीस जानेवारी गेला. तीनदा मी तुझ्या कॉलनीत हार पोचवले, तीनदा माइक हातात आला, आणि मी दुसरंच काही बोललो. थापेची एक गंमत असते, ती मारताना छाती फुगते. परत घेताना मात्र सगळ्या गावासमोर धोतर सुटल्यासारखं वाटतं. मी तुला फोन करायचो, वाघ-सिंहांच्या गोष्टी सांगायचो. तू "हं" म्हणायचास. प्रत देणं तू बंद केलं होतंस. मला वाटायचं, रागावला आहे, निवळेल. गप्प आहे म्हणजे बुडाला, असं थोडंच असतं? तूच शिकवलं होतंस.

त्या दिवशी सकाळी अकराला वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांच्या छातीत दुखून राहिलं, भरती केलं. तुमाले बोलावून राहिले. म्हन्तात, गेंद्याले काही सांगाचं हाये."

मी दुकान तसंच उघडं टाकलं. अमरावतीहून एकशे चाळीसच्या वेगाने निघालो. मूर्तिजापूरला फोन केला, वहिनी म्हणाल्या, "बोलून राहिले, या तुमी." बोरगावच्या पुढे पुन्हा लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. अकोला समोर दिसत होतं वासू, आणि माझ्या कानात काही नव्हतं. मी "एक, दोन, तीन" मोजायला लागलो. चारशेपर्यंत मोजलं असेल, तेव्हा फोन वाजला. गाडी बाजूला घेतली.

"भाऊजी, गेले."

मी म्हणालो, "नॉन-सब."

तोंडातून निघून गेलं.  वहिनी फोन कानाला धरून रडल्या आणि मी एका ट्रकच्या मागे उभा राहून रडलो.

तुला मला काय सांगायचं होतं, ते कोणालाच माहीत नाही. वहिनींनाही नाही. आणि माझी जात पाहता मी आता इथे काहीही लिहू शकतो. 'माफ केलं म्हणावं गेंद्याला', असं तू म्हणालास, हे मी इतकं रंगवून लिहीन की वाचणाऱ्याचा रुमाल भिजेल. खोडून काढायला कोणी नाही. दोन रात्री ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकाशी येऊन बसलं होतं.

नाही लिहीत. जे ऐकू आलं नाही, ते ऐकू आलं असं म्हणायचं नाही.

काल तुझी तेरवी झाली. जेवणाआधी सभा. वकीलसाहेबांनी 'पाणबुडीचा काळ' असं तुझं वर्णन केलं, आणि मग म्हणाले, गेंदाभाऊ, दोन शब्द. मी माइक धरला.  मी सांगितलं: वासूने कोणतीही पाणबुडी बुडवली नाही. मी थाप मारली होती. तो मला परत घे म्हणाला होता, मी घेतली नाही, आज घेतो. आणि ती चार तासांची गोष्ट सांगितली, काहीही न वाढवता. तुझी शपथ, गलबताची लांबीसुद्धा वाढवली नाही.

 मला वाटलं, झालं. सोनाराने कान टोचले, दुखलं, पण झालं.

वकीलसाहेब उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवून माइकमध्ये म्हणाले, "गेंदाभाऊ, आम्ही समजू शकतो. अशा मोहिमा गुप्त असतात. सरकारकडून आलं असेल, बोलू नका म्हणून. काही हरकत नाही. वासुदेवराव गेल्यावरही देशाचं गुपित राखतात, यातच सगळं आलं."

टाळ्या. सत्कारापेक्षा जास्त!

पहिल्यांदा उभ्या आयुष्यात खरं बोललो आणि ते माझ्या सगळ्या थापांपेक्षा मोठी थाप होऊन बसलं. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. वहिनींनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मी घाबरून जवळ गेलो. त्या हसत होत्या. तेरा दिवसांत पहिल्यांदा. डोळ्यातून पाणी, आणि हसू थांबेना.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तोंडाचं काम आता सोडा. तुमच्या तोंडावर कोनी विश्वास नाई ठेवत. हातानं काई जमते का पाहा."

आज सकाळी मंडपवाल्याची बावीस फुटी शिडी मागून आणली. हार कापायची कैची गाडीत होतीच. भर उन्हात चौकात शिडी लावली आणि चढलो. खाली पानठेलेवाला ओरडला, "ओ भाऊ! काय कापून राहिले?"

"पानबुडी."

"काहून?"

"नव्हती."

 मग येऊन त्याने शिडी धरली.  इतक्या वर्षांत माझं म्हणणं एका शब्दात पटलेला तो पहिला माणूस.

कोपरा गोल कापून काढला. जाळ, तवंग, सगळं. तुझ्या कानाला धक्का लागू दिला नाही. आता तुझ्या फ्लेक्सला एक भोक आहे, परातीएवढं, आणि त्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. पाच मिनिटांत चार माणसांनी विचारलं, इथं काय होतं? मी सांगितलं, काही नव्हतं. पाचव्या माणसाला पानठेलेवाल्यानेच सांगितलं.

मग घरी गेलो. वहिनींनी आधण ठेवलं. बार झाला नव्हता, तरी ठेवलं. तुझा कॉम्प्युटर बंद होता आणि त्याच्यावर तुझा दुपट्टा होता. मी तो काढला नाही. चहा पीत बसलो. तुझ्या घड्याळाने पंधरा मिनिटं.

त्या पंधरा मिनिटांत हा लेख मनात झाला. आता लिहून वाचला, तर सवयीप्रमाणे काही जागी हात ढिला सुटलेला दिसतो. तू मान तिरपी करायच्या आत सांगून टाकतो. टाकीत अंडं उकडलं नव्हतं. पाणी हाताला चटका देत होतं, पण अंडं आपण आणलंच नव्हतं. डोरलं घडवायला एकच बाई आली होती, तीही भाव विचारून गेली. शिट्या चार पोरांनी वाजवल्या, अख्ख्या अकोल्याने नाही. माझी गाडी एकशे चाळीसने जातच नाही, ऐंशीला थरथरते. आणि अकरा पाणबुड्या नव्हे, तीन. शिडी बारा फुटी होती.

बाकी सगळं सर्टन आहे वासू.

तू गेलास, तेसुद्धा.